आज कितवी? जोडीने शिडाच्या बोटीतून कोकण किनारा करायचा असेल तर

पुण्यातल्या माणसाला पाणी म्हणजे खडकवासला साखळीत आज किती टीएमसी. ते पाणी पावसाळ्यात वाढतं, उन्हाळ्यात उतरतं, आणि सकाळी होतं तेवढंच संध्याकाळी असतं. समुद्राचं तसं नाहीये. मुंबईला उधाणाच्या दिवशी सहा तासात पाणी चार-साडेचार मीटर चढतं आणि पुढच्या सहा तासात तेवढंच उतरतं, म्हणजे आपल्या दीड मजल्याएवढं, आणि हे रोज दोनदा. मी आणि माझा नवरा गेली काही वर्षं हिवाळ्यात आमच्या सत्तावीस फुटी शिडाच्या बोटीतून मुंबई ते गोवा या पट्ट्यात तुकड्या-तुकड्याने फिरतोय. दोघंच असतो. पुण्यातले ओळखीचे विचारतात की आम्हालाही करायचंय, कुठून सुरुवात करू, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय.

सगळ्यात आधी ज्या चुकीमुळे आम्ही खरं शिकलो ती सांगते. पहिल्याच वर्षी लाँग वीकेंड बघून निघालो. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, चांदणं मस्त मिळेल एवढाच विचार. संध्याकाळी पाचच्या सुमारास रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीत शिरलो, पाणी भरपूर दिसत होतं, आणि दहा मिनिटात बोट चिखलात रुतली. अजिबात धक्का बसला नाही, नुसती हळूच थांबली, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. इंजिन रिव्हर्सला टाकलं तर नुसता राडा वर आला. पाणी डोळ्यांदेखत उतरत गेलं आणि सहा वाजेपर्यंत बोट इतकी कलली की स्वैपाकाच्या ओट्यावरचा कुकर घरंगळत जाऊन विरुद्ध बाजूच्या बाकावर पडला. अंधार पडायच्या आधी तिसऱ्या काढून परत निघालेल्या दोन बायका चिखलातून चालत बोटीच्या अगदी जवळून गेल्या, डोक्यावर टोपल्या, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यातली मोठी थांबली आणि मला म्हणाली, "ताई, आज कितवी ते बघून नाय आलात?"

कितवी म्हणजे तिथी. तिला घड्याळ लागत नव्हतं, मोबाईल लागत नव्हता. द्वितीया आहे म्हणजे भरती दीडला होऊन गेली आणि पाचला पाणी धावत बाहेर जात असणार हे तिला पाठ होतं. आम्ही साडेदहाला पुन्हा तरंगलो. तेव्हापासून निघायची तारीख ठरवताना आम्ही सुट्ट्या नाही, तिथी बघतो. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

हिशोब सोपा आहे आणि कोकणात सगळ्यांना येतो. तिथीला पाऊणने गुणायचं, उत्तर येईल ती भरतीची साधारण वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, पहाटे पावणेचार आणि दुपारी पावणेचार. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला मात्र गुणाकार न करता सरळ बारा धरायचे. पुढच्या पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायला लागायचं. दोन भरत्यांमधे साधारण बारा तास पंचवीस मिनिटं असतात आणि रोज भरती पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, पाऊण तासाचा गुणाकार तिथूनच आलाय. हा मुंबईचा आडाखा आहे, त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि दक्षिणेला जाल तशी भरती थोडी लवकर येते. प्लॅन करायला आडाखा वापरा पण प्रत्यक्ष खाडीत शिरताना सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी काढतं ती टाइड टेबल्स बघा, त्यात वेळेबरोबर उंचीही असते आणि उंचीशिवाय वेळेचा काही उपयोग नाही. एकाच दिवशीच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात हेही त्यातच दिसतं.

आता यात वारा मिसळा. हिवाळ्यात या किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, साडेनऊ-दहाला तो पडतो, तासभर सगळं शांत, मग दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि तीन-चारला सगळ्यात जोरात असतो. संध्याकाळी पुन्हा मंद. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेले असतात ना, ते इथे अक्षरशः अंगावर येतात.

दुपारी चारला तुम्ही दिवसभर चालून दमून एखाद्या खाडीच्या तोंडाशी येता, खारा वारा पाठीमागून जोरात आहे. अशा वेळी खाडीतलं पाणी ओहोटीने बाहेर येत असेल तर वारा एकीकडून आणि पाणी दुसरीकडून असे समोरासमोर भिडतात. लाटा उंच होतात, जवळजवळ येतात आणि तोंडाशी जो वाळूचा पट्टा असतो तिथे फुटायला लागतात. कोकणातल्या बहुतेक नद्यांच्या मुखाशी असा पट्टा आहे. तीच खाडी, तोच वारा, पण भरती चालू असेल तर पाणी आणि वारा एकाच दिशेने आत जातात, लाट बसते आणि बोट अलगद आत जाते. मी दोन्ही बघितलंय, एकाच जागी, चार दिवसांच्या अंतराने. विश्वास बसत नाही की ही तीच जागा आहे.

म्हणून आमचा नियम असा झालाय की पंचमी ते नवमी, शुद्ध असो की वद्य, हे पाच दिवस फिरायचे. गुणाकार करून बघा. पंचमीला दुपारची भरती पावणेचारला, नवमीला पावणेसातला, म्हणजे या पाचही दिवसात तीन-साडेतीनला खाडीच्या तोंडाशी पोचलात तर पाणी चढतंच असतं. सकाळी उजाडताना पाणी एकतर बाहेर चाललेलं असतं किंवा नुकतं पूर्ण भरलेलं, त्यामुळे मतलई वारा आणि ओहोटी दोघं मिळून तुम्हाला बाहेर काढून देतात. शिवाय हे दिवस भांगाच्या, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरतीच्या बाजूचे, चढउतार कमी, प्रवाह कमी. पौर्णिमेच्या आसपास बरोब्बर उलटं होतं, बारा-एकला भरती आणि दुपारभर जोरात ओहोटी. एकादशीनंतर दुपारी दोन-अडीचला तळ गाठलेला असतो, चारला खाडीत पुरेसं पाणीच नसतं. चांदणं बघायचंच असेल तर कोजागिरीला बंदरात नांगर टाकून दूध आटवा, खाडीत शिरू नका. हे पाच दिवस ऑफिसच्या मधल्या वारी आले तर रजा टाका. रजा मंजूर करून घेणं खाडीतून बोट ओढून काढण्यापेक्षा सोपं आहे.

वर्षातली वेळ म्हणाल तर डिसेंबर ते मार्चचा मध्य. ऑक्टोबर-नोव्हेंबरला आकाश छान दिसतं पण अरबी समुद्रात वादळं तेव्हाही होतात, २००९ चं फयान नोव्हेंबरमधलं होतं. एप्रिलमधे उकाडा आणि मेमधे नैर्ऋत्येकडून लांब लाटा यायला लागतात, वारा नसला तरी बोट नुसती हेलकावत राहते. २०२१ मधे तौक्ते मेच्या मध्यावरच आलं. निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा आमची बोट किनाऱ्यावर चढवून पक्की बांधलेली होती म्हणून वाचली. मेच्या पहिल्या आठवड्यानंतर आम्ही बोट पाण्यात ठेवत नाही. मच्छीमार १ जून ते ३१ जुलै बंदी पाळतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग समुद्रात उतरतात, त्यांची बोट आपल्यापेक्षा दणकट आणि अनुभव पिढ्यानपिढ्यांचा, ते थांबतात तर आपण का घाई करायची.

पाण्याचा दुसरा हिशोब खोलीचा. नकाशावर, म्हणजे चार्टवर, जी खोली लिहिलेली असते ती जवळजवळ सगळ्यात नीच ओहोटीची. त्यात त्या वेळची भरतीची उंची मिळवायची. आमच्या बोटीला दीड मीटर पाणी लागतं. समजा चार्टवर ०.८ लिहिलंय आणि भरती ३.२ मीटरची आहे. नांगर टाकताना खाली ४ मीटर पाणी, वाटतं भरपूर आहे. रात्री ओहोटी ०.७ वर येणार. मग ०.८ आणि ०.७ मिळून दीड मीटर, म्हणजे कील, बोटीचा सगळ्यात खालचा भाग, बरोब्बर तळाला टेकली, जराशी लाट आली की बोट आपटणार. म्हणून नांगर टाकायच्या आधी प्रश्न हा विचारायचा की रात्रीच्या ओहोटीला इथे किती उरेल. आम्ही निदान पाऊण मीटर जास्तीचं धरतो.

मधल्या तासांचं पाणी काढायला बाराव्या भागाचा नियम आहे. पाणी सहा तासात सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग करा, पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढउतार तीन मीटरचा असेल तर एक भाग पंचवीस सेंटिमीटरचा. म्हणजे मधल्या दोन तासात दीड मीटर, निम्मं पाणी त्या दोन तासातच हलतं, आणि प्रवाह पण तेव्हाच सगळ्यात जोरात. आमची बोट पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैल, जाते, खाडीच्या तोंडाशी दोन-अडीच नॉटचा प्रवाह समोरून असेल तर आपण जमिनीच्या मानाने निम्म्याच वेगाने सरकतो, इंजिन मात्र तेवढंच बोंबलतं. खाडीत शिरायला सगळ्यात चांगली वेळ भरतीचे शेवटचे दोन तास. पाणी पुरेसं असतं, प्रवाह मंदावलेला असतो आणि चुकून टेकलात तरी पाणी अजून चढतंय, दहा-पंधरा मिनिटात सुटाल. ऐन भरतीच्या टोकाला टेकलात तर मात्र पुढची भरती येईपर्यंत बारा तास, आणि उधाण उतरत असेल तर पुढची भरती त्याहून कमी उंचीची.

उतरत्या पाण्यात रुतलातच तर काय करायचं ते सांगते कारण हे कुणी सांगत नाही. इंजिन पहिल्यांदा बंद करा, ते थंड करायला जे पाणी ओढतं त्यातून गाळ आत जातो. डिंगी, म्हणजे सोबतची छोटी होडी, उतरवून नांगर खोल पाण्याच्या बाजूला नेऊन टाका, म्हणजे भरती आल्यावर बोट आणखी उथळात ढकलली जात नाही. बोट कुठल्या बाजूला कलणार हे आपल्या हातात असतं तोवर वजन उथळ बाजूला हलवा, खोल बाजूला कलली तर चढतं पाणी आत यायची भीती. कलणाऱ्या बाजूच्या खिडक्या, झडपा बंद करा. गॅस सिलेंडरला बंद करा. मग चहा थर्मासमधला प्या आणि वाट बघा.

नांगराची साखळी भरतीच्या खोलीवर मोजायची, ओहोटीच्या नाही. ओहोटीला ५ मीटर असेल, ३ मीटर चढणार असेल आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून १ मीटर वर असेल तर झाले ९ मीटर. साखळी असेल तर त्याच्या पाचपट, पंचेचाळीस मीटर. साखळीऐवजी बराचसा दोर असेल तर सातपट. एवढी साखळी सोडली की ओहोटीला बोट मोठ्या वर्तुळात फिरते आणि प्रवाह उलटला की विरुद्ध दिशेला जाऊन उभी राहते, म्हणून शेजारच्या बोटीपासूनचं अंतर दोन्ही दिशांनी बघायचं. रात्री प्रवाह बदलायच्या वेळेचा गजर लावा आणि उठून बघा, आम्ही आलटून पालटून उठतो.

आता जोडीचं. बहुतेक जोडप्यांमधे नवरा सुकाणूवर आणि बायको पुढे नांगर ओढत, आणि दोघं एकमेकांवर ओरडतायत, हे दृश्य प्रत्येक बंदरात दिसतं. मला हे मनापासून पटत नाही. सुकाणू धरायला ताकद लागत नाही, नजर लागते. नांगर ओढायला ताकद लागते. ज्याच्या पाठीला सोसेल त्याने पुढे जावं. आमच्याकडे मी सुकाणूवर असते आणि तो पुढे. इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नाही म्हणून हाताच्या खुणा ठरवल्यात, मूठ म्हणजे थांब, हात ज्या दिशेला तिकडे वळव, तळवा खाली दाबला की वेग कमी, बोटाने गोल म्हणजे सोडून दे, पुन्हा येऊ. या खुणा घरी बसून ठरवायच्या. आम्ही कोथरूडमधे पार्किंगमधे गाडी लावताना त्यांचा सराव केला, मी गाडीत आणि तो बाहेर, शब्द न बोलता. खाडीत शिरायच्या अर्धा तास आधी पाच मिनिटं बसून बोलतो की कुठून शिरायचं, कुठे वळायचं, नाही जमलं तर कुठून बाहेर पडायचं. एकदा आत शिरायला लागलो की चर्चा बंद, त्या दिवशीचा तांडेल, म्हणजे कप्तान, सांगेल ते. तांडेल दिवसाआड बदलतो, एक दिवस तो, एक दिवस मी, त्यामुळे दोघांनाही सगळं येतं.

सगळं येणं हा चैनीचा भाग नाही. दोघांपैकी एक पाण्यात पडला तर बोटीवर एकच माणूस उरतं, आणि त्याला एकट्याने बोट वळवून, शोधून, वर ओढून घ्यायचंय. २०२४ च्या २ ऑक्टोबरला नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. गोव्याहून तारिणी घेऊन निघाल्या आणि २९ मे २०२५ ला पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आल्या, छप्पन्न फुटी बोट आणि दोघीच. दोन माणसं पुरतात, पण दोघांपैकी प्रत्येकाला एकटीने सगळं येत असेल तरच. तुमच्यापैकी एकाला रेडिओ लावता येत नसेल, इंजिन सुरू करता येत नसेल, शीड एकट्याने खाली घेता येत नसेल तर अजून निघू नका.

सराव असा करा. जुनी उशी नाहीतर रिकामा कॅन दोरीला बांधून पाण्यात टाका आणि ओरडा. बोटीवर उरलेल्याने लगेच तरंगणारी रिंग फेकायची, जीपीएसवरचं माणूस पडल्याचं बटण दाबायचं आणि नजर त्या कॅनवरून काढायची नाही. लाटांमधे डोकं नारळाएवढं दिसतं, दोन सेकंद मान वळवली की सापडत नाही. मग बोट वळवून वाऱ्याकडे तोंड करून हळूहळू त्याच्याजवळ थांबवायची. खरा प्रश्न वर घेण्याचा. ओल्या कपड्यातला मोठा माणूस एकटीला उचलता येत नाही, मी प्रयत्न करून बघितलाय, तो मदत करत असतानाही जमलं नाही. म्हणून बोटीच्या मागे पाण्यात खोलवर जाणारी शिडी हवी, आणि एक दोर विंचला, म्हणजे दोर ओढायच्या चाकाला, जोडून तयार हवा. आणि मुळात पडूच नये म्हणून लाइफ जॅकेटला पट्टा असतो तो बोटीला अडकवायचा, दुसरा खाली झोपलेला असताना तर पट्ट्याशिवाय वर यायचंच नाही. यात आमच्याकडे सूट नाही.

वारा वाढेल असं वाटलं की शीड तेव्हाच लहान करायचं, करू का नको असा विचार मनात आला म्हणजे वेळ झालेली असते. दोघंच असताना उशीर परवडत नाही. ऑटोपायलट घ्याच, तो तिसरा माणूस आहे. रात्रीचा प्रवास आम्ही या किनाऱ्यावर करत नाही. मच्छीमारांची जाळी, बिनदिव्याच्या छोट्या होड्या, त्यांचे बोये. मुंबई-रायगडच्या बाजूला डोल जाळी खुंटांना बांधून प्रवाहात लावलेली असतात, दिवसाही नीट बघत जावं लागतं. जाळं पंख्यात अडकलं तर आपली बोट अडकते आणि त्या घरची रोजीरोटी तुटते. एकदा आमच्याकडून एक जाळं फाटलं, आम्ही गावात जाऊन विचारत विचारत मालकाकडे गेलो आणि पैसे दिले. तुम्हीही तसंच करा. त्या माणसाने पुढच्या दोन खाड्यांमधला वाळूचा पट्टा कुठे सरकलाय ते बोटाने टेबलावर काढून दाखवलं, हे कुठल्याही चार्टवर नव्हतं.

टप्पे कसे पाडायचे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, आणि आपला किनारा जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण, त्यामुळे दोन बंदरांच्या अक्षांशांची वजाबाकी केली की अंतर साधारण मिळतं. मुंबई ते गोव्यातलं मुरगाव सव्वादोनशे मैलांच्या आसपास, पाच नॉटने रोजचे पंचवीस-तीस धरले तर आठ-नऊ दिवस, म्हणजे दोन पक्षात दोन तुकडे. पहिला तुकडा मुंबईहून जंजिऱ्यापर्यंत थोडा लांब पडतो, म्हणून मांडव्याला नाहीतर रेवदंड्याला थांबा. राजपुरीच्या खाडीत दिघीच्या बाजूला आडोसा चांगला मिळतो, संध्याकाळी जंजिरा आणि लांबवर पद्मदुर्ग दिसत राहतो. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला थांबता येतं पण तिथे मासेमारी बोटींची गर्दी आणि दोरच दोर, संध्याकाळच्या मासळी लिलावाला मात्र डिंगीतून उतराच. दाभोळला वाशिष्ठीचं तोंड, जयगडला शास्त्रीचं, दोन्हीकडे मोठी जहाजं येतात, त्यांच्या वाटेतून बाजूला राहायचं. रत्नागिरीनंतर विजयदुर्ग, वाघोटन खाडीत, या सगळ्या प्रवासात मला सगळ्यात निर्धास्त झोप तिथे लागते. किल्ल्याच्या मागे गेलं की बाहेरचा समुद्र जणू बंद होतो. मराठ्यांच्या आरमाराने ही जागा का धरली ते तिथे नांगर टाकल्यावर कळतं. देवगड जवळच, दहा-अकरा मैल. मालवणला मात्र घाई नको, सिंधुदुर्गाभोवती खडपं आहेत, सूर्य डोक्यावर असतानाच, आणि पहिल्यांदा जात असाल तर स्थानिक माणूस बोटीवर घेऊनच शिरा. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांना बाहेरून मोठा वळसा घाला, मग पुढे तेरेखोल आणि गोवा. दक्षिणेला चढउतार कमी होत जातो, गोव्याला उधाणातही दोन मीटरच्या आसपास.

कागदपत्रं. बोटीचं रजिस्ट्रेशन, विमा, रेडिओचं लायसन्स, दोघांची ओळखपत्रं ओरिजिनल. २६/११ नंतर किनाऱ्यावर तपासणी कडक आहे आणि ती असायलाच हवी. प्रत्येक बंदरात मेरीटाइम बोर्डाच्या ऑफिसला आणि सागरी पोलिसांना आपणहून जाऊन सांगायचं की कोण, कुठून, कुठे. एका ठिकाणी आम्हाला चार तास बसवून ठेवलं होतं, एक कागद आम्ही झेरॉक्स आणला होता म्हणून, तेव्हा चिडचिड झाली पण आता फाईल पूर्ण असते. रेडिओवर चॅनेल १६ कायम चालू. संकटात तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही नंबर आणि आपली जागा कशी सांगायची हे लिहून रेडिओशेजारी चिकटवा, घाबरल्यावर पाठ केलेलं आठवत नाही.

हवामानाचा अंदाज निघायच्या आदल्या दिवशी आणि रोज संध्याकाळी. शिमला ऑफिसवरून आपण रोज बसने जातो ते हवामान खातं आणि हैदराबादचं इन्कॉइस, समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था, दोन्हीकडचे समुद्राचे अंदाज बघायचे, लाटांची उंची आणि दिशा दोन्ही. पुण्यात बसून भरतीबद्दल ओढ वाटावी अशी आणखी एक जागा म्हणजे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, १९१६ सालापासूनची, तिथे बंदरांची मॉडेल्स करून त्यात भरती-ओहोटी निर्माण करतात. समुद्रापासून इतक्या लांब, सिंहगडाच्या पायथ्याजवळ. मला याचं फार अप्रूप आहे.

सामान बोहरी आळीत बरंच मिळतं, ताडपत्री, बादल्या, टॉर्च, केबल टाय. पण स्टीलचं काही घेताना ३१६ ग्रेडचंच घ्या, ३०४ पुण्यात वर्षानुवर्षं चकचकीत राहतं आणि खाऱ्या हवेत लवकरच तांबूस डाग धरतं. शिडाचे दोर आणि शॅकल मात्र बोटीच्या सामानाच्या दुकानातूनच.

स्वैपाकाला कुकर सगळ्यात चांगला, झाकण लॉक असतं त्यामुळे बोट कलली तरी उकळतं पाणी अंगावर येत नाही. मुगाची खिचडी, मेतकूट-भात, थालीपीठाची भाजणी, बाकरवडी. पहिल्या दिवशी तेलकट काही नको. आलेपाक खिशात ठेवा, मळमळ सुरू व्हायच्या आधी चघळा, आणि नजर क्षितिजावर. गोळी लागत असेल तर डॉक्टरला विचारून आदल्या रात्रीच घ्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळात साठून बसतो, म्हणून प्रत्येक वेळी सिलेंडरचाच खटका बंद.

परतीचं लोक विसरतात. गोव्याहून उत्तरेला येताना दुपारचा वायव्य वारा थेट नाकावर असतो, तिरकं-तिरकं करत अंतर दुप्पट होतं आणि माणूस पिळून निघतं. आम्ही पहाटे पुरेसं दिसायला लागलं की मतलईवर किनाऱ्याच्या जवळून निघतो आणि साडेअकरा-बारापर्यंत नांगर टाकून मोकळे होतो. मात्र मग भरती दुपारी उशिरा नाही, बाराच्या थोडी पुढे हवी, म्हणजे परतीच्या तिथ्या वेगळ्या, प्रतिपदा ते तृतीया, पावणेएक ते सव्वादोनची भरती, खारा वारा जोर धरायच्या आत आणि पाणी चढत असताना आत. उधाणाचे दिवस असतात त्यामुळे साखळी जास्त सोडायची आणि रात्रीच्या ओहोटीचा हिशोब दोनदा करायचा, एकदा त्याने, एकदा मी, वेगवेगळ्या कागदावर. उत्तर जुळलं नाही तर नांगर टाकायचा नाही.

आमच्या स्वैपाकघरातल्या कालनिर्णयावर डिसेंबर ते मार्चच्या पंचमी ते नवमीवर निळी पेन्सिल आहे आणि प्रतिपदा ते तृतीयेवर लाल. लग्नाची आमंत्रणं त्यानंतर बघतो.